भविष्यकथेतील गूढ खुणा आणि पुनर्वाचनाचे प्रामाण्य

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. कथेवर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाचा लेखक वस्तुतः अस्तित्वातच नव्हता. कथा जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांची होती. त्यांनी टोपणनाव घेतले होते, आणि आयोजकांना हस्ताक्षराची ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातून लिहवून घेतली होती. तथापि टोपणनाव निवडताना त्यांनी एक खूण मागे ठेवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडली म्हणजे ना. वि. ज. अशी होतात, व त्यांतूनच नारायण विनायक जगताप हा गृहस्थ जन्मास आला.

ही हकीकत पुढे खुद्द लेखकानेच सांगितली, त्यामुळे आज ती निःशंक मानली जाते. परंतु तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. समजा, १९७४ साली एखाद्या चाणाक्ष वाचकाने केवळ ती तीन अक्षरे उलटी वाचून ‘हा लेखक नारळीकर होय’ असे म्हटले असते, तर त्याचे विधान खरे ठरले असते. पण ते सिद्ध ठरले असते काय? उलट क्रमाने ना. वि. ज. वाचता येईल अशी आद्याक्षरे असणारे मराठी गृहस्थ थोडेथोडके नसणार. कथेतील खगोलभौतिकीचे ज्ञान हा त्या तर्काला मिळणारा दुसरा आधार; आणि तोही एकाच व्यक्तीकडे बोट दाखविणारा नव्हे. तर्क खरा निघणे आणि तर्क सप्रमाण असणे या भिन्न गोष्टी आहेत. गूढ खुणांच्या आधारे वाङ्मयाचे पुनर्वाचन करणाऱ्यांच्या लेखनात या दोहोंची वारंवार गल्लत झालेली दिसते.

येणाऱ्या काळाचे भयावह समाजचित्र रंगविणारी कथा, जिला ‘डिस्टोपिया’ असे नाव आहे, ती पुनर्वाचनाला स्वभावतःच आमंत्रण देते. याचे कारण तिच्या घडणीत आहे. ज्या राज्यात मोकळे बोलणे हाच अपराध, तेथील निवेदक सर्व काही सांगू शकत नाही. आणि जे राज्य त्याच्या अंगवळणी पडले आहे त्याचे नियम तो वाचकाला समजावीत बसत नाही. त्यामुळे कायदा, इतिहास, भूगोल हे सारे वाचकाला तुटक उल्लेखांवरून जुळवावे लागते. अशा कथांची मालिका असेल तर शेवटचा खंड मिटल्यावर पहिला खंड पुन्हा उघडण्याचा मोह अनावर होतो. पहिल्या वाचनात सहज ओलांडलेले एखादे नाव, एखादी तारीख, एखादी वस्तू आता अर्थपूर्ण भासू लागते. हा आनंद खरा आहे, आणि त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मात्र तो संशोधनाच्या पानावर आला की त्याला पुरावा मागितला पाहिजे.

दडविलेल्या मजकुराची कल्पना मराठवाड्यातील अभ्यासकाला अपरिचित नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि त्यामुळे प्राचीन मराठी गद्याचे एक फार मोठे दालन कित्येक शतके बाहेरच्या वाचकांना बंद राहिले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला. हा उलगडा विद्वानांनी स्वीकारला तो राजवाड्यांच्या नावलौकिकामुळे नव्हे. जी किल्ली एका पानाला लागली तीच पुढच्या पानाला लागली, एका पोथीला लागली तीच दुसरीलाही लागली, आणि प्रत्येक वेळी सुसंगत मराठी वाक्ये हाती आली. म्हणून ती किल्ली खरी. एकच ओळ उलगडून बाकीच्या पोथीपुढे जी थबकते तिला किल्ली म्हणता येत नाही.

कादंबरीत अशी लिपी नसते. अक्षरे सर्वांना दिसतात, लपलेला असतो तो संबंध. म्हणून तेथे किल्लीपेक्षा आपल्याकडील मीमांसकांचे साधन अधिक उपयोगी पडते. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी त्यांनी उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती अशी गमके सांगितली आहेत. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) गीतेचे तात्पर्य ठरविताना याच कसोटीचा आधार घेतला, हे सुविदित आहे. या गमकांना शास्त्रात ‘लिंग’ म्हणतात. लिंग म्हणजे खूण. धुरावरून अग्नी ओळखावा तशी अर्थ ओळखण्याची खूण. आरंभ व शेवट यांचा मेळ आहे काय, तोच धागा पुनःपुन्हा येतो काय, आणि युक्तीच्या कसोटीवर तो टिकतो काय, हे प्रश्न भविष्यकथेलाही तितक्याच नेमकेपणाने विचारता येतात.

मार्गारेट ॲटवुड या कॅनडातील लेखिकेच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीचे उदाहरण या दृष्टीने फार बोधक आहे. अमेरिकेत लोकशाही उलथून गिलियड नावाचे धर्मराज्य आले आहे. ज्या थोड्या स्त्रियांना अपत्य होऊ शकते त्यांना अधिकाऱ्यांच्या घरी वाटून दिले जाते आणि त्यांचे मूळ नाव काढून घेतले जाते. निवेदिकेचे नाव ऑफ्रेड, म्हणजे ‘फ्रेडची’. पतीचे नाव आपल्या नावात वागविणाऱ्या, आणि लग्नाच्या दिवशी तांदळात लिहिलेल्या नव्या नावाला ओ देऊ लागणाऱ्या स्त्रिया ज्या समाजात घरोघर होत्या, त्या समाजातील वाचकाला या नावाची धार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. निवेदिका आपले खरे नाव संपूर्ण कादंबरीत सांगत नाही. मात्र पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस, बंदिस्त ठेवलेल्या स्त्रिया अंधारात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आपापली नावे कुजबुजत पोचवितात. तेथे पाच नावे येतात. त्यांपैकी मोइरा, जनीन इत्यादी चार नावांच्या स्त्रियांचा पुढे या ना त्या प्रसंगी उल्लेख होतो. जून या नावाची स्त्री म्हणून मात्र पुढे कोणीही ओळखली जात नाही. वाचकांनी ही वजाबाकी केली, आणि निवेदिकेचे नाव जून असले पाहिजे असा निष्कर्ष काढला.

या निष्कर्षाचे पुढे जे झाले ते चमत्कारिक आहे. २०१७ साली ॲटवुड यांनी स्पष्ट केले की आपला मूळ हेतू तसा नव्हता. तथापि तो अर्थ जुळतो, तेव्हा ज्यांना हवा त्यांनी तो खुशाल घ्यावा. त्याच वर्षी सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने निवेदिकेला जून हेच नाव दिले. म्हणजे जगतापांच्या बाबतीत कर्त्याची साक्ष तर्काच्या बाजूने आहे, तर येथे ती तर्काच्या विरुद्ध आहे. तरीही मौजेची गोष्ट अशी की जूनविषयीचा तर्क जगतापांविषयीच्या तर्कापेक्षा अधिक सबळ आहे. जगतापांची खूण संहितेच्या बाहेर, लेखकाच्या चरित्रात होती. चरित्र ठाऊक नसेल तर ती अक्षरे मुकी राहतात. जूनची खूण संहितेच्या आत आहे, ती ग्रंथाच्या उपक्रमातच आहे, आणि नावे हिरावून घेणे हा जो त्या कादंबरीचा मुख्य विषय त्याच्याशी ती निगडित आहे. पाचांपैकी चार नावांचा हिशेब लागावा आणि एकाचा लागू नये, ही पहिल्या वाचनात अनुत्तरित राहणारी बाब तिने उलगडते. लेखिकेने ती योजली नसेल. पण छापलेल्या पानावर ती आहे. लेखकाच्या मनात काय होते हा चरित्राचा प्रश्न, आणि संहिता काय सांगू शकते हा समीक्षेचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर लेखक देऊ शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत त्याचे मत हे एका जाणत्या वाचकाचे मत होय, त्याहून अधिक नव्हे.

याच्या नेमके उलट टोक जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीत सापडते. तिच्या शेवटी सत्ताधाऱ्यांच्या नव्या भाषेवरील एक परिशिष्ट आहे, आणि ते भूतकाळात, साध्या जुन्या इंग्रजीत लिहिलेले आहे. त्यावरून ती राजवट पुढे कोसळली असावी, असे अनेक वाचक अनुमानितात. अमेरिकेतील एका ग्रंथमंडळाने काही भाग गाळण्याची सूचना केली असता ऑर्वेल यांनी ती नाकारली, आणि त्या भागांत हे परिशिष्टही होते. एवढ्यावरून परिशिष्ट त्यांना महत्त्वाचे वाटत होते इतकेच सिद्ध होते. राजवट कोसळली हे सिद्ध होत नाही. भूतकाळाचा प्रयोग हा इंग्रजी कथनाचा सामान्य प्रघात आहे, आणि ज्या खुणेचे दुसरे साधे कारण देता येते ती एकटी पुरेशी ठरत नाही.

कथामालेच्या बाबतीत याहून बिकट प्रश्न काळाचा आहे. ‘द हँडमेड्स टेल’नंतर चौतीस वर्षांनी, २०१९ साली, ‘द टेस्टामेंट्स’ ही तिची उत्तरकथा आली. पहिल्या कादंबरीत लिडिया ही स्त्रियांना वठणीवर आणणारी निष्ठुर अध्यापिका आहे. उत्तरकथेत तीच गुप्तपणे टिपणे लिहून ठेवते व गिलियड आतून पोखरते. हे वाचून कोणी १९८५च्या पुस्तकाकडे परतला, तर लिडियाच्या प्रत्येक वाक्यात त्याला बंडाची छाया दिसू लागणे स्वाभाविक आहे. पण ती छाया १९८५ साली तेथे होती काय? उत्तरकथेतील एका मुलीचे निकोल हे नाव तर दूरचित्रवाणी मालिकेतून कादंबरीत आलेले आहे; म्हणजे नंतरचे रूपांतर मूळ मालेत शिरून तिचा भाग बनले. अशा ठिकाणी खूण ‘सापडली’ असे म्हणण्यापेक्षा जुन्या वाक्याला नवे वळण ‘मिळाले’ असे म्हणणे शास्त्रशुद्ध होय. मालिकेचे एकसंध वाचन करणारा आणि १९८५च्या संहितेचे वाचन करणारा हे दोन निराळे ग्रंथ वाचीत असतात. दोन्ही वाचने वैध आहेत. प्रबंधात मात्र आपण कोणता ग्रंथ वाचीत आहोत हे आरंभीच सांगितले पाहिजे.

हा विवेक या परिसराला नवा नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथे संत एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या संहितेचे शोधन केले. निरनिराळ्या प्रती ताडून पाहणे, मागाहून शिरलेले पाठ ओळखणे, आणि मूळ संहितेत पदरची ओवी घालू पाहणाऱ्यास बजावणे, ही तीन कामे त्यांनी केली. नंतरचा थर आधीच्या थराशी मिसळू द्यावयाचा नाही, हेच त्या श्रमाचे सूत्र. पदरची ओवी घालण्याची इच्छा वाईट हेतूने होते असे नव्हे. बहुधा ती ग्रंथावरील अतिप्रेमातून होते. आणि म्हणूनच ती ओळखणे कठीण जाते. आवडत्या कथामालेत खुणा शोधणाऱ्याची स्थिती त्याहून वेगळी नसते.

ॲटवुड यांच्या पहिल्या कादंबरीच्या उपसंहारात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २१९५ साली भरलेल्या एका विद्वत्परिषदेत असे कळते की आपण जे वाचले ते धातूच्या पेटीत सापडलेल्या सुमारे तीस ध्वनिफितींचे लेखन होते, आणि त्या फितींचा क्रम संपादकांनी अनुमानाने लावला होता. हे कळताच सबंध कादंबरी पुन्हा वाचावी लागते, कारण ज्या क्रमावर वाचकाने आपले सर्व तर्क उभारले तो क्रमच निवेदिकेचा नाही. मराठीच्या अभ्यासकाला येथे लीळाचरित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत धामधुमीच्या काळात नष्ट झाली व अनुयायांनी ती स्मरणावरून पुन्हा सिद्ध केली, अशी पंथाची परंपरा सांगते. आज ग्रंथाचे निरनिराळे पाठ उपलब्ध आहेत. लीळांच्या क्रमावरून चक्रधरांच्या जीवनाविषयी अनुमान करणाऱ्याला हा क्रम कोणाचा, असे आधी विचारावे लागते. गिलियडच्या वाचकालाही तेच विचारावे लागते. परिषदेतील प्राध्यापकमहाशयांना त्या स्त्रीच्या दुःखापेक्षा तिच्या धन्याची ओळख पटविण्यात अधिक रस असतो, हा लेखिकेचा टोला विद्यापीठीय वाचकांनी निमूटपणे सोसावा असाच आहे.

जुन्या काळाची पेटी सापडते आणि विद्वान ती वाचू लागतात, हाच प्रसंग एका मराठी कादंबरीच्या मुळाशी आहे. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीत जमिनीच्या पोटात खोल उत्खनन चालू असता नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीचे ज्ञानभांडार हाती लागते. त्याचा उलगडा करीत करीत, त्यातील विद्येच्या बळावर वामन नावाचा यंत्रमानव घडविला जातो. ज्यांची ही विद्या ते स्वतः नष्ट का झाले, या प्रश्नाचे उत्तर मात्र मागाहून मिळते. दुसऱ्या वाचनात लक्षात येते की संकट यंत्रात जितके आहे तितकेच वाचनाच्या क्रमातही आहे. संहिता पुरी वाचण्यापूर्वी तिच्यावरून कृती केली गेली.

या कादंबरीतील सर्वांत मोठी खूण मुखपृष्ठावरच आहे, आणि ती मराठी वाचकासाठीच आहे. पुराणातील वामन आकाराने लहान, मागणे तीन पावलांचे, आणि परिणाम असा की दात्याला सर्वस्व गमावून पाताळात जावे लागले. लहानसे मागणे करणारा साहाय्यक शेवटी सर्व काही व्यापून टाकील, ही सूचना नावातच झाली. येथवर कोणीही वाचक पोचेल. परंतु ‘परत न आला’ या शब्दांचे काय? महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत परत येतो तो वामन नव्हे, बळी. दरवर्षी बलिप्रतिपदेला त्याचे राज्य यावे अशी कामना शेतकऱ्यांच्या घरी होते. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीला प्रजेचा न्यायी राजा आणि वामनाला आक्रमक ठरविले, तेव्हा या जुन्या भावनेला त्यांनी नवा ऐतिहासिक अर्थ दिला. या पार्श्वभूमीवर ‘वामन परत न आला’ हे शब्द मराठी कानाला शोकाचे वाटत नाहीत, सुटकेचे वाटतात. कथेचा भावनिक कौल तिच्या पहिल्या पानाआधीच दिलेला आहे.

आता या वाचनाला वरची कसोटी लावून पाहिली पाहिजे. खूण संहितेच्या आत आहे; ती उपक्रमात, म्हणजे शीर्षकातच आहे; आणि यंत्रमानवाला दुसरे कोणतेही नाव न देता हेच का दिले याची उपपत्ती ती लावते. येथवर ती टिकते. परंतु हाच धागा पुढे ओढून कोणी असेही म्हणू शकेल की ज्ञानभांडार जमिनीखालून वर येते म्हणजे ते पाताळातून येते, आणि म्हणून ती नष्ट संस्कृती म्हणजेच बळीचे राज्य होय. कल्पना रमणीय आहे. पण उत्खननात सापडणारी प्रत्येक वस्तू जमिनीखालूनच येते. शिवाय बळीच्या राज्याची हानी बाहेरून आलेल्या याचकाने केली, तर या संस्कृतीच्या विनाशाचे मूळ तिच्याच विद्येत होते. म्हणजे मोक्याच्या ठिकाणीच जुळणी फसते. ही दुसरी खूण पदरची ओवी ठरते, आणि तिच्यामुळे पहिलीचे बळ घटते असेही नाही.

शीर्षकाविषयीच्या पहिल्या अर्थाला एक अनपेक्षित पडताळा उपलब्ध आहे. नारळीकरांनी हीच कादंबरी इंग्रजीत दिली तेव्हा तिचे नाव ‘द रिटर्न ऑफ वामन’ असे ठेवले. मराठीत जो परत आला नाही, त्याचे इंग्रजी शीर्षकात पुनरागमन होते. बलिप्रतिपदा ज्याच्या पंचांगात नाही त्या वाचकाला वामनाच्या न येण्यातील दिलासा ऐकू आला नसता. त्याच्यापुढे पुराणातील वामन नव्या रूपात पुन्हा आल्याची वार्ताच ठेवावी लागली. दोन्ही शीर्षके एकाच लेखकाची आहेत, आणि इंग्रजी शीर्षकातील वामन अवतार समजावा की यंत्र, हे शीर्षक स्वतः सांगत नाही.